समोसा चावतो कोण?

इंदूरच्या मराठी घरांत दुपारच्या जेवणाला एक ठरलेला तमाशा असतो. वरणभात कालवून तयार, वर तुपाची धार, ताटाच्या कडेला चिमूटभर सेव, आणि पोरगं तोंड उघडायला तयार नाही. मग टीव्ही लागतो. पडद्यावर मोटू समोशांची प्लेट हवेत उडवतो, समोसे एकामागून एक त्याच्या घशात उतरतात आणि इकडे पोराचं तोंड आपोआप वासतं. आजी तेवढ्यात घास सरकवते. 'चाव रे राजा, नुसता गिळू नकोस,' असं ती म्हणते आणि पोराचं उत्तर तयार असतं, 'तो कुठे चावतोय?'

मुद्दा बिनतोड आहे.

कार्टूनच्या पात्रांवर लोक तावातावानं बोलतात. नोबिता आळशी की बिचारा, जेरी हुशार की आगाऊ, भीम नसता तर ढोलकपूरचं काय झालं असतं. माझी मतं मात्र एकाच गोष्टीवर ठरतात, पात्र खातं कसं. सकाळी पोहे-जलेबी आणि रात्री सराफा बाजारातल्या खाण्याच्या गाड्या असलेल्या गावात दुसरा निकष सुचणं कठीणच.

मोटूपासूनच सुरुवात करू. 'लोटपोट' या हिंदी कॉमिकमधली मोटू-पतलूची ही जुनी जोडी २०१२ मध्ये निकलोडियनवर थ्री-डी होऊन आली. रिकाम्या पोटी याच्या डोक्यातली बत्ती पेटत नाही, समोसा गेला की पेटते. म्हणजे ज्या पदार्थावर सगळी मालिका उभी, तोच हा गृहस्थ धड खात नाही. समोसा बहुतेक वेळा अख्खाच आत जातो. यात आळस नाही, हिशेब आहे. थ्री-डीत अख्खा समोसा म्हणजे एक मॉडेल. तीन कोपरे, कडेची मुरड, वरून खरपूस रंग, संपलं. त्याचा एक घास घेतला की दुसरं मॉडेल लागतं. आतलं बटाट्याचं सारण, एखादा वाटाणा, पारीची जाडी, सगळं घडवायचं आणि रंगवायचं. दुसऱ्या घासाला तिसरं मॉडेल. शिवाय तोंडाच्या आत दात आणि जीभ हवी. गालाचे निदान तीन आकार हवेत, रिकामा, डावीकडे फुगलेला आणि उजवीकडे फुगलेला. जबडा नुसता वर-खाली करून भागत नाही, तो किंचित तिरका, गोलाईत फिरावा लागतो, नाहीतर पात्र चावत नसून काहीतरी बोलतंय असं वाटतं. एवढी मरमर करून शेवटी समोशाचं टोक गालातून आरपार बाहेर आलेलं दिसतं आणि शॉट परत येतो. त्यापेक्षा समोसा लांबून फेकावा, तोंड परातीएवढं उघडावं, समोसा ओठांच्या आत गेला की त्याच फ्रेमला अदृश्य करावा आणि वर 'गट्ट' असा आवाज टाकावा. प्रेक्षक हसतो, निर्माता सुटतो.

टू-डीत जरा सोपं असतं. पदार्थाची तीन-चार चित्रं आधीच करून ठेवतात. अख्खा, एक घास गेलेला, अर्धा, शेवटचा तुकडा. तोंड किंवा हात पदार्थाला झाकतो नेमक्या त्या फ्रेमला चित्र बदलायचं. एक फ्रेम आधी बदललं तर दात पोचायच्या आतच लचका तुटलेला दिसतो. चावण्याचं चक्र साधारण आठ चित्रांत बसतं. सेकंदाला २४ फ्रेम आणि एक चित्र दोन फ्रेम टिकतं असं धरलं, तर एक चावा दोन-तृतीयांश सेकंदाचा झाला. तेच चक्र तीनदा फिरवायचं आणि मग गिळायचं. गिळताना गळा हलायला हवा, हे पुष्कळ जण विसरतात. आणि शॉट वेगवेगळ्या हातांनी केलेले असले की अर्धा लाडू कॅमेऱ्याचा कोन बदलताच पुन्हा अख्खा होतो, हा तर नेहमीचाच चमत्कार.

माझी खरी तक्रार चटणीबद्दल आहे. कार्टूनमध्ये समोसा कोरडा खातात. कारण पुन्हा तेच, पातळ पदार्थाला स्वतःचा आकार नसतो. प्रत्येक चित्रात ओघळ नव्यानं काढावा लागतो आणि बोटाला चटणी लागली की बोट पुसेपर्यंत पुढच्या प्रत्येक चित्रात ती लक्षात ठेवून काढावी लागते. कळतं सगळं. पण इंदुरात असा कोरडा समोसा हातात ठेवला तर 'भिया, चटणी?' एवढ्या दोन शब्दांत भांडणाला तोंड फुटेल.

छोटा भीम २००८ मध्ये पोगोवर आला. त्याचं खाणं वेगळ्या कारणानं बिघडलेलं आहे. लाडू खाल्ला की दंडात बळ येतं आणि समोरचा राक्षस आडवा होतो. पॉपायचा पालकही त्यातलाच, १९३३ पासून पडद्यावर डबा दाबून फोडतोय, पण त्याला पालक आवडतो की नाही कोण जाणे. औषध म्हणून खाणाऱ्यांबद्दल मला फारसं ममत्व नाही. तोच भीम टुनटुन मौसीचे लाडू पळवतो तेव्हा एकदम आवडतो, कारण तेव्हा त्याला लाडू हवा असतो. राक्षसासमोर त्याला लाडवाचं फक्त काम असतं. आणि अनुभवाची गोष्ट सांगायची तर साजूक तुपातले चार लाडू चेपल्यावर माणूस कुस्ती खेळत नाही, पंखा पाचावर करून आडवा होतो.

अख्खं गिळणं मुळात वाईट, असंही नाही. टॉम अँड जेरीत एक लंगोट लावलेला पोरका उंदीर येतो, निबल्स. १९४९ च्या ऑस्कर मिळालेल्या भागात हा पोरगा मेजवानीच्या टेबलावर शिरून आख्खं संत्रं गिळतो आणि स्वतःच संत्र्यासारखा गोल होतो. मग जेरी सुरीनं पाठीत एक ठेवून देतो तेव्हा संत्रं बाहेर उडतं. इथेही चावणं नाहीच. पण गिळलेल्या वस्तूची जबाबदारी चित्रकारानं घेतलेली आहे. पोट ताणलं गेलं, चाल बदलली, वजन दिसलं. मोटूच्या पोटात वीस समोसे जातात आणि शर्टाचं बटणसुद्धा हलत नाही.

टॉम अँड जेरीचेच जनक हॅना आणि बार्बेरा पुढे टीव्हीकडे वळले आणि तिथे पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे. १९५८ चा योगी अस्वल पाहा. अंगावर कपडे नाहीत, पण गळ्यात कॉलर आणि टाय. ती ऐट नव्हे. कॉलरच्या रेषेवर डोकं धडापासून सुटं करता येतं. धडाचं चित्र एकदाच काढून ठेवायचं आणि त्यावर नुसतं डोकं हलवायचं. बचत झाली, पण सहलीच्या टोपल्या पळवण्यात हयात घालवणाऱ्या या प्राण्याला टोपलीतलं नेमकं काय आवडतं ते शेवटपर्यंत समजत नाही. कॉलरखाली काहीच हलत नसेल तर घास उतरणार कुठून?

आवाजानं पुष्कळ काही सांभाळता येतं, हे मान्य. बग्ज बनीला आवाज देणारे मेल ब्लँक गाजर खरोखर चावायचे आणि पुढचं वाक्य बोलायला तोंड मोकळं हवं म्हणून चावलेलं थुंकून टाकायचे. म्हणूनच तो कुरकुरीत आवाज आजही दाढेत जाणवतो. आपल्याकडे जंगल बुकच्या हिंदी अवतारात शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. त्या वाघाची भूक कळायला एकही घास दाखवावा लागला नाही.

डोरेमॉनला मी खाण्यात फार वर ठेवतो. उंची १२९.३ सेंटीमीटर, वजन १२९.३ किलो, हे आकडे पोरांना पाढ्यांपेक्षा चांगले पाठ असतात. हाताला बोटं नाहीत, नुसता पांढरा गोळा, वस्तू त्याला चिकटते. काढणाऱ्याच्या दृष्टीनं ही चैनच, कारण बोटांनी पदार्थ धरलेला दाखवणं हे खाण्याच्या प्रसंगातलं सगळ्यात किचकट काम. दोरायाकीही तशीच सोयीची, दोन गोल धिरडी आणि मध्ये अझुकी या बारीक लाल कडधान्याचं गोड पुरण. बाजूनं काढलं तर दोन कमानी आणि एक गडद रेघ. घास घेतला की कडेला अर्धगोल खाच. इतकं सोपं असल्यामुळे वाचलेला सगळा वेळ चेहऱ्यावर खर्च करता येतो आणि तो केलेला दिसतो. डोळे मिटतात, गाल वर येतात, बाकी जग थांबतं. डोरेमॉन दोरायाकी कशासाठीही खात नाही. त्याला ती आवडते, बस.

त्याच मालिकेतला पाठांतराचा ब्रेडही मला पटतो. पुस्तकाच्या पानावर ब्रेड दाबायचा, अक्षरं त्यावर उमटतात, खाल्ला की पान पाठ. नोबिता परीक्षेच्या भीतीनं इतका ब्रेड चेपतो की पोट बिघडतं आणि पोटाबरोबर अभ्यासही वाहून जातो. खाण्याला परिणाम असतो हे डोरेमॉनचे जनक फुजिको फुजिओंना चांगलंच ठाऊक होतं. शिनचॅनची शिमला मिरचीही याच जातीची. कासुकाबेतलं ते पाच वर्षांचं पोरगं ताटातल्या हिरव्या तुकड्याकडे ज्या संशयानं बघतं, तो चेहरा खोटा असूच शकत नाही.

पण खाण्याचा खरा कळस १९७४ च्या 'हायडी' या जपानी मालिकेत आहे. ५२ भाग, दिग्दर्शन इसाओ ताकाहातांचं, शॉटची मांडणी हायाओ मियाझाकींची. आल्प्समधल्या लाकडी घरात आजोबा चीजचा तुकडा काट्याला टोचून आगीसमोर धरतात. आधी कड मऊ पडते. मग वरचा भाग हळूच फुगतो, एक पांढरी चकाकी पृष्ठभागावरून सरकते आणि तुकडा स्वतःच्या वजनानं किंचित लोंबायला लागतो. मग तो पावावर येतो आणि कडेवरून ओघळतो. हे सगळं म्हणजे सपाट पिवळा रंग, त्याची एक गडद छटा आणि एक पांढरी रेघ, याहून जास्त काही नाही. करामत वेळेत आहे. वितळणं घाईत केलं तर चीज पाण्यासारखं सांडतं, फार रेंगाळलं तर रबर होतं. टीव्हीसाठी दर आठवड्याला भाग द्यायचा असूनही या लोकांनी चीजसाठी तेवढी चित्रं खर्च केली. ज्यांनी जन्मात असलं चीज चाखलं नाही, त्यांच्याही तोंडाला पाणी सुटतं.

चहाच्या बाबतीत तो मान 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या मालिकेतल्या आयरो काकांचा. २००५ ते २००८, ६१ भाग. लोक त्यातल्या लढायांचं कौतुक करतात, पाण्याच्या हालचाली ताई-चीवरून कशा बेतल्या वगैरे, आणि ते योग्यच आहे. पण रानात एक झुडूप सापडतं, ते दुर्मीळ चहाचं की विषारी ते ठरत नाही, तरी हा माणूस पानं उकळून पितो आणि अंगभर गांधी उठवून घेतो. चहापायी एवढी जोखीम घेणाऱ्याला मराठी घरात कधीही आत बोलवावं.

आता आपल्या गावचं. इंदूरच्या खाण्यावर कुणी मालिका काढली तर कारागिरांची कसोटी आहे. सराफ्यात दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात ते दाखवायला हवंच. द्रोण सहा फूट वर गेला तर जाऊन-येऊन सव्वा सेकंद लागतो, म्हणजे तीसेक फ्रेम. पण अंतर सारखं वाटायचं नाही. वर जाताना पहिले साडेचार फूट निम्म्या वेळात जातात आणि उरलेल्या दीड फुटाला तेवढाच वेळ लागतो, म्हणून माथ्यावर चित्रं दाटीनं काढायची. ती समान अंतरावर काढली की द्रोण दोरीनं ओढल्यासारखा दिसतो. दही उसळताना दाखवायचा मोह होईल, तो टाळावा. हवेत सुटल्यावर द्रोण आणि दही एकाच वेगानं चाललेले असतात, म्हणून तर सांडत नाही.

पोहे मात्र घात करतील. नूडल्स सोप्या, पाच-सहा रेघा काढून वर सरकवल्या की नारुतोचं रामेन सुर्रकन ओढलं जातं. पोह्यांचा प्रत्येक दाणा वेगळा. सगळे दाणे प्रत्येक चित्रात नव्यानं काढले तर ते जागच्या जागी वळवळायला लागतात, मग खाणार कोण? उपाय एवढाच की ढीग एका सपाट पिवळ्या रंगात ठेवायचा, कडेला पंधरा-वीस दाणे सुटे दाखवायचे, कोथिंबीर ढिगालाच चिकटवून टाकायची आणि सेव आखूड रेघांनी काढायची. चमचा भरताना ढिगाला खळगा पडलेला हवा, आणि तो पुढच्या शॉटमध्येही तिथेच हवा. वरून भुरभुरायचा जीरावण मसाला दिसणारच नाही, त्यासाठी चिमटीची हालचाल पुरे. जलेबी बरी, तिचं वेटोळं रेघेतच बसतं, पण तोडल्यावर आतला पाक चमकला पाहिजे.

सगळ्यात फायद्याचा पदार्थ गराडू, म्हणजे तळलेला कंद. चौकोनी फोड, सरळ कडा, वर मसाल्याचे ठिपके, चावल्यावर आत स्वच्छ पांढरा. थ्री-डीवाल्यांनी डोळे मिटून घ्यावा. अडचण एवढीच की तो थंडीत मिळतो. मग नायकाला उन्हाळाभर वाट बघावी लागेल, आणि तोवर चॅनलवाले थांबतील असं काही वाटत नाही.