सुट्टीतली एक सकाळ पक्ष्यांसाठी
आज फॅमिली ट्रिपमधली एक सकाळ पक्ष्यांसाठी काढायचं प्लॅनिंग झालं एकदाचं. सगळ्यांना पहाटे उठवायचं नाही, ज्याला यायचं तो येईल, बाकीचे झोपू देत, सुट्टी त्यांचीही आहे. ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर हॉटस्पॉट, म्हणजे पक्षी बघायच्या चांगल्या जागा, बघितल्या तर मुक्कामापासून चालत जाता येईल अशी पाणथळ जागा सापडली, मग उजाडल्यापासून दोन तास तिथेच, कारण तेव्हाच पक्षी जास्त हलतात-बोलतात. मर्लिन या पक्षी ओळखायच्या ॲपचा त्या भागाचा पॅक आत्ताच डाउनलोड केला, नेट नसलं तरी चालतो. लेकीला ८×३२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ३२ मिमी भिंगाची) दुर्बीण, हलकी असते ना. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी हेरायचा आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणायची, हे तिने गॅलरीतल्या कुंडीवर करून बघितलं आणि जमलं की! आता सारखं विचारतेय, खंड्या दिसेल ना?