गाळ धुतला, फोरॅम निवडले, मग आकडा आला

पीएचडीसाठी मी अरबी समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळाच्या कोअरवर, म्हणजे नळीतून उभ्या काढलेल्या गाळाच्या लांब नमुन्यावर, काम करते. जुन्या समुद्राचं तापमान काढते म्हटलं की घरच्यांना वाटतं, मशीनचं बटण दाबत असेन. मशीनपर्यंत पोचायलाच महिने जातात.

कोअरचे सेंटिमीटरभर जाडीचे काप करायचे, वाळवायचे, मग 63 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचे. चिखल वाहून जातो, वर पांढरट वाळूसारखं काहीतरी उरतं. ती बहुतेक फोरॅमिनिफेरांची, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जीवांची कवचं, खसखशीपेक्षाही बारीक. त्यातून मला फक्त ‘ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर’ ही एक जात हवी असते, कारण ती पृष्ठभागाजवळ जगते. तीही 250 ते 355 मायक्रॉनमधलीच, कारण कवच वाढतं तशी त्याची रासायनिक घडण थोडी बदलते. ओलसर, अगदी बारीक ट्रिपल झीरो ब्रशच्या टोकाने एकेक उचलायची. ‘सॅक्युलिफर’ ही दुसरी जात जवळजवळ तशीच दिसते. कवचाच्या मुख्य छिद्राची जागा पाहिली की फरक कळतो. पंखा बंद ठेवायचा, शिंक आली तर ट्रेपासून तोंड फिरवायचं. मान धरते ती वेगळीच.

तापमानासाठी कवचांतला ऑक्सिजन मोजतात, त्याला दहा-वीस कवचं पुरतात. थराचं वय काढायच्या कार्बन-14 साठी मात्र आम्हाला सात-आठ मिलिग्रॅम द्यावे लागले, म्हणजे एकेका थरातून कित्येक शे. त्या आठवड्यांत मी कुणाशी धड बोलले नाही!

त्यानंतर दोन काचांमध्ये दाबून कवचं फोडायची, मिथेनॉलमध्ये अल्ट्रासॉनिकला लावून आत अडकलेली माती काढायची. मशीनमध्ये 70 अंशांवरचं फॉस्फोरिक ॲसिड त्यांवर पडतं, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यातल्या जड ऑक्सिजन-18 चं हलक्या ऑक्सिजन-16 शी प्रमाण मोजलं जातं. पाणी जितकं गार, तितका कवचात जड ऑक्सिजन जास्त. तुलनेचं मूळ मानक म्हणजे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातलं एक बेलेम्नाइट जीवाश्म. ते वापरून वापरून कधीच संपलं, तरी जगभरचे आकडे आजही त्याच्याच नावाने लिहिले जातात.

माझ्या वरच्या थरांत आणि हिमयुगाच्या थरांत सुमारे पावणेदोन पर मिलचा (पर मिल म्हणजे दर हजारी) फरक आला. एका अंशाला साधारण 0.22 धरलं तर समुद्र आठ अंशांनी गार झाला होता असं निघतं, आणि ते खरं नाही. हिमयुगात हलका ऑक्सिजन जमिनीवरच्या बर्फात अडकून राहतो, त्यामुळे समुद्राचं पाणीच सुमारे एक पर मिलने जड होतं. या फरकातला मोठा वाटा बर्फाचा, हे निकोलस शॅकल्टन यांनी 1967 मध्ये दाखवलं. उरलेल्यात पावसाळ्याने बदलणारा खारेपणाही मिसळलेला असतो. म्हणून त्याच कवचांतलं मॅग्नेशियम-कॅल्शियमचं गुणोत्तर मोजायचं. तापमान एक अंशाने वाढलं की ते नऊ टक्क्यांच्या आसपास वाढतं. पण मातीत मॅग्नेशियम भरपूर, म्हणजे सफाई पुन्हा पहिल्यापासून आणि दुप्पट काटेकोर.

वयाचं म्हणाल तर कार्बन-14 फार तर 50,000 वर्षं मागे नेतं, आणि त्यातूनही पृष्ठभागाच्या पाण्याचं स्वतःचं काही शे वर्षांचं ‘वय’ वजा करावं लागतं. त्याखालचे थर मी ऑक्सिजनच्या आधीच वय ठरलेल्या प्रमाणित वक्राशी जुळवले. माझ्या गाइड मॅडमना ती जुळणी ओढूनताणून केलेली वाटत होती. मग खालच्या थरांत गुलाबी रुबर सापडू लागली. अटलांटिकमध्ये ती आजही जगते, पण हिंदी महासागरातून सुमारे 1,20,000 वर्षांपूर्वी नाहीशी झाली. माझा वक्र तिथे जवळपास तेच वय दाखवत होता. मॅडमनी स्लाइड स्वतः दोनदा पाहिली आणि मग मॅग्नेशियमचे नमुने पाठवायला सांगितलं.