तिथीचा वाढदिवस

१९ सप्टेंबर २०२३

रात्रीचे साडेदहा झालेत. ओटीवर भजन रंगलंय, मी माजघरात बसून लिहितेय.

आज माझी लेक चिऊ तिथीने वर्षाची झाली. तारखेने ३१ ऑगस्टलाच झाली होती. तेव्हा डोंबिवलीत केक आणला, शेजारची मुलं आली, फुगा फुटला तशी ती घाबरून रडली, झालं. पण आजेसासूबाईंनी तेव्हाच फोनवर बजावलं होतं, "चेडवाक तिथीनंच ओवाळूचा," म्हणजे मुलीला तिथीनेच ओवाळायचं. यंदा अधिक श्रावण आल्यामुळे चतुर्थी १९ दिवस पुढे गेली, आणि चिऊचं पहिलं वर्ष तेरा महिन्यांचं झालं.

गेल्या वर्षी ती झाली चतुर्थीच्याच पहाटे, पावणेपाचला. इकडे गावी माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायची लाकडी चौकट, बांधून तयार, गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, आणलेली मूर्ती पाटावर, बाबा, माझे सासरे, आंघोळीला निघालेले. तेवढ्यात आमचा फोन गेला. नात झाली, आणि घराला सोयर लागलं. दहा दिवस देवाला हात लावायचा नाही. शेवटी शेजारच्या, दुसऱ्या आडनावाच्या काकांनी पूजा केली. बाबा खळ्यात, अंगणात उभे राहून दारातून बघत होते. दरवर्षी पाच दिवस राहणारा गणपती दीड दिवसातच गेला.

हे सगळं मला दोन महिन्यांनी नवऱ्याकडून कळलं. बाबांनी कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. उलट त्याच सकाळी "गणपती इलो नि माजी नात पण इली" म्हणत वाडीभर पेढे वाटले. भावकीतल्या एकीने मात्र पायगुणाचा विषय काढला होता. तो शब्द मी वर्षभर विसरले नाही. माझ्या तान्ह्या लेकीबद्दल कुणी असं बोलावं, याचा आजही राग येतो.

आज सकाळी बाबा सोवळं नेसून पूजेला बसले आणि चिऊला मागून घेतलं. "ती सगळं विस्कटेल हो," मी म्हणाले. "विस्कटूंदे," म्हणाले. भटजींचे मंत्र चालू असताना तिने दूर्वांची जुडी ओढली, ओल्या गंधात बोट बुडवलं आणि बाबांच्या गुडघ्याला पुसलं. मग तिची नजर वर गेली. डोक्यावर माटवीत नारळ, तवसं म्हणजे काकड्या, हरणं नि शेरवडं ही रानफुलं आणि ती केशरी कवंडळं, रानफळं, लटकत होती. एका कवंडळाकडे हात करून ती कितीतरी वेळ "त्ता, त्ता" करत राहिली. प्राणप्रतिष्ठा झाली तेव्हा बाबांचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं आणि मान वळवली.

पूजेनंतर औक्षण. रांगोळी घातलेल्या पाटावर तिला आईंनी धरून बसवलं. आजींचा हात आता थरथरतो. तरी सोन्याची अंगठी आणि सुपारी त्यांनीच ओवाळली, निरांजनाचं तबक धरायला तेवढा मी हात लावला. ज्योत डावीकडे गेली की चिऊचे डोळे डावीकडे, उजवीकडे आली की उजवीकडे. अक्षता टाकल्या तेव्हा एक दाणा तिच्या भुवईला चिकटला आणि दुपारपर्यंत तिथेच होता. आजींना तिला उचलून घ्यायचं होतं, पण झेपेना. जन्मली तेव्हा २.७५ किलो होती, आता ८.२५ आहे, बरोबर तिप्पट.

वर्षभर डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला साखर-गूळ काही दिलं नव्हतं. आज मोदकातलं चिमूटभर गूळखोबरं आईंनी तिच्या जिभेवर ठेवलं. ती आधी थबकली, कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग आईंचं बोटच धरून ठेवलं.

बाहेर आता गजर सुरू झालाय. पखवाज, झांजा, पंधरा-वीस जणांचा आवाज, आणि चिऊ त्यातच बाबांच्या मांडीवर गाढ झोपलीय. मी दोनदा तिला घ्यायला गेले. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या असणार, पण हलत नाहीयेत. हातानेच मला "रव", थांब, म्हणून खूण केली.