हॉटनचं चर्च आणि तो एक बांध

"सपाट वाट आहे, अर्ध्या तासाची चाल," असं, इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातल्या या जुन्या चर्चच्या आवारात एक दिवस स्वयंसेवक म्हणून राबायला निघालो तेव्हा, ओळखीच्या एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. सपाट आहे, कबूल. गावाचं नाव 'हॉटन ऑन द हिल', पण राजगड चढलेल्या माणसाला ती टेकडी पोचल्यावरही दिसत नाही. अर्धा तास मात्र निव्वळ थाप. नॉर्थ पिकनम या शेजारच्या गावापासून मला तास-दहा मिनिटं लागली, त्यातली चाळीस एका बांधावर.

नांगरलेल्या शेताच्या कडेने ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, त्यांत घोट्यापर्यंत पाणी, खाली चिकणमाती. एकदा पाय वर आला, बूट आतच राहिला. ट्रेकिंगचे बूट घालून येऊ नका, गमबूट घाला. बाजूने जातो तो पेडर्स वे हा रोमनांचा रस्ता. तेव्हा बरा असेल.

जवळच्या स्वॉफम शहराला रेल्वे नाही, तिथवर बस. पुढे टॅक्सीवाल्याने जेमतेम तीन मैलांचे २२ पौंड घेतले आणि चर्चकडे जायची वाट बघून नॉर्थ पिकनममध्येच उतरवलं. बसायच्या आधी पैसे ठरवा, कुठपर्यंत सोडणार तेही.

चर्च चोख आहे. १९९२ मध्ये बॉब डेव्ही यांच्या पत्नी ग्लोरिया फिरायला गेल्या असताना त्यांना ते सापडलं: वेलींनी गिळलेलं, छप्पर नसलेलं. भोवतालचं गाव केव्हाच उठून गेलेलं. मग डेव्हींनी माणसं जमवून ते उभं केलं. दुरुस्तीत गिलाव्याखालून अकराव्या शतकाच्या अखेरची भित्तिचित्रं निघाली. कमानीवर पवित्र त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा), भोवती तीन वलयं. चेहरे पुसट आहेत, तरी मान दुखेपर्यंत बघत राहिलो.

स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांनो, त्या चित्रांच्या वाटेला कुणी तुम्हाला जाऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तुमच्या हाती दाताळं येणार. पहिल्या महायुद्धात झेपेलिन या जर्मन हवाई जहाजाच्या बॉम्बचा तडाखा बसलेल्या त्या आवारात मी दिवसभर कापलेलं गवत ओढलं. ते तिथेच सोडलं तर कुजून मातीचा कस वाढतो, दांडगं गवत माजतं आणि रानफुलं मरतात, म्हणून प्रत्येक काडी उचलायची. कंबर गेली. थडग्यांच्या दगडांना तारेचा ब्रश लावायचा नाही, ब्लीच तर नाहीच. वरची दगडफुलं वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात. उत्साहाने खरवडलीत तर अक्षरंही सोबत जातील. सांध्यांत सिमेंट भरू का, असं विचारलं तर हसतील. सिमेंटमुळे ओल आत कोंडते, तिथे चुनाच लागतो.

संध्याकाळी एका आजींनी झिजलेल्या दगडाला माझ्या मोबाइलचा टॉर्च अगदी कडेने, तिरपा धरायला लावला. कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर सावल्यांनी अक्षरं उठली. त्यांच्या वहीत 'मेरी' म्हणून नोंदलेली बाई 'मार्था' निघाली. आजींनी जुनं नाव खोडून नवं लिहिलं आणि काही न बोलता पुढच्या दगडाकडे वळल्या. असे अकरा दगड झाले. सगळा शीण उतरला.

वेगळा टॉर्च न्या. माझी बॅटरी त्या अकरा दगडांवरच संपली, टॅक्सीला फोन करता आला नाही, आणि अंधारात परत तोच बांध.