अण्णांच्या जीपला नवा सायलेन्सर

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. सड्यावरच्या काजूच्या बागेत बिया गोळा करायला गेलो होतो, जीप गडग्याच्या कडेला लावली, उतरलो आणि जळकट वास आला. आधी वाटलं क्लच, कारण तो चढ उभा आहे आणि मागे खताची पोती होती, पण वाकून बघतो तर सायलेन्सरला लागून वाळलेल्या गवताचा हा एवढा पेंढा अडकलेला आणि त्यातून धूर येतोय. ज्वाळ नव्हती अजून. पाच लिटरचा पिण्याच्या पाण्याचा कॅन होता तो तिथेच ओतला, काठीने गवत ओढून काढलं, पायाने चिरडलं आणि मग अर्धा तास तिथून हललोच नाही. ज्यांची कोकणात बाग आहे त्यांना वणवा म्हणजे काय ते सांगायला नको. पंधरा वर्षं वाढवलेली कलमं एका दुपारी जातात, आपलीही आणि शेजाऱ्याचीही.

घरी येऊन जीपखाली शिरलो तेव्हा कळलं. मफलरच्या, म्हणजे सायलेन्सरमधल्या आवाज दाबणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी जिथे पाईप वेल्ड केलाय तिथे अर्धी गोलाई चिरली होती आणि गरम धूर शेपटीतून (मागच्या टोकाच्या पाईपातून) जायच्या ऐवजी तिथूनच खाली गवतावर मारत होता. आवाज महिनाभर वाढला होता हे खरं, पण जुनी डिझेल जीप, आवाज करणारच असं धरून चालत होतो. आणि आई दोनदा म्हणाली होती, "मागे बसलं की डोकं धरतं रे", तेव्हा मी ते उन्हावर ढकललं, याचं अजून वाईट वाटतं. हूडच्या गाडीत मागचा पडदा उघडा असला की चालत्या गाडीच्या पाठीमागची हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर धूरसुद्धा. तुमच्या गाडीत मागे बसणारं कोणी डोकं दुखतंय म्हणालं तर आधी खाली वाकून बघा.

जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०, अण्णांनी घेतलेली. प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल इंजिन, ६२ हॉर्सपॉवर, टर्बो नाही, सेन्सर नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. म्हणजे एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारी वाट) अगदी सरळ काम, इंजिनाचा धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड, खाली येणारा पाईप, मफलर आणि शेपटी. मी पुढे जे लिहितोय ते असल्या गाडीसाठी आहे. बीएस-६ (२०२० पासूनच्या प्रदूषण नियमांतल्या) डिझेल गाडीला मागे काजळी पकडणारा फिल्टर असतो, सेन्सर असतात, तिथे बाहेर काही कापाकापी करू नका, कंपनीचाच पार्ट घ्या.

आता जो फुटला तो सायलेन्सर काही जुना नव्हता, दोनच पावसाळे झाले होते. दुकानातून रेडिमेड आणलेला, काळा रंग मारलेला, बाहेरून चकाचक. कापून बघितला तर आतून सगळा पापुद्र्यांनी भरलेला, पत्रा कागदासारखा. आमच्याकडची खारी हवा आणि चिखल तर आहेच पण सायलेन्सर मुख्यतः आतून कुजतो आणि त्याचं कारण पाणी. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. लांब गेलात तर पाईप तापून ती वाफ बाहेर पडते, पण घर ते बाग दोन किलोमीटर, बाग ते घर दोन किलोमीटर असंच चालवलं तर मफलर पुरता तापतच नाही, वाफ आतच थंड होते आणि तळाला पाणी साचून राहतं. पूर्वी डिझेलमध्ये गंधकही भरपूर असायचं, ते त्या पाण्यात मिसळून आम्ल व्हायचं, २०२० पासून बीएस-६ इंधन आलं आणि गंधक १० पीपीएमवर (दहा लाखात दहा भाग) आलं त्यामुळे तो त्रास कमी झाला, पण पाणी ते पाणीच.

परत तोच रेडिमेड घ्यावा का यावर घरात चर्चा झाली. अण्णांचं म्हणणं, दोन-अडीच हजारात मिळतो, दर दोन वर्षांनी बदल. रस्त्यावरच चालणारी गाडी असती तर मी पण हेच केलं असतं. पण आमची जीप चिऱ्यांवरून चढते, पऱ्यातून (ओढ्यातून) जाते, गवतातून जाते आणि रेडिमेड मफलर मूळच्यापेक्षा दोन बोटं खाली लोंबतो, आणि त्या दोन बोटांतच जांभ्याचा दगड लागतो. शेवटी ठरलं की कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन बनवूनच घ्यायचा. चिरलेल्या जागी पत्र्याचा डबा कापून गुंडाळला, दोन क्लँप आवळले, आणि साखरप्यावरून आंबा घाट चढून पहाटेच निघालो, आईला अर्थात घरी ठेवून.

शिवाजी उद्यमनगर ज्यांनी बघितलं नाही त्यांनी एकदा बघावं. फाउंड्री, लेथ, गिअर कापणारे, वेल्डिंगवाले, सगळे एकाला लागून एक, आणि तुम्ही तुटलेली वस्तू हातात घेऊन उभे राहिलात की चौथा माणूस तरी "हे हितं न्हाई, फुडच्या बोळात जावा" असं बरोबर सांगतो. ज्या मिस्त्रींकडे पोचलो ते साठीचे असतील. त्यांनी गाडी खड्ड्यावर घेतली आणि काही न बोलता दहा मिनिटं नुसती खालून बघितली. मग विचारलं, "गाडी कुठं चालवताय?" मी सांगितलं. "मग मोठा पाईप नको मागू."

मी मागणारच होतो खरं तर. सगळीकडे वाचलेलं की जाड पाईप टाकला की ताकद वाढते. त्यांनी सांगितलं ते मी नंतर कागदावर मांडून बघितलं. २११२ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला पूर्ण श्वास घेतंय असं धरलं तरी मिनिटाला साधारण ३२०० लिटर हवा होते, गरम होऊन ती दुपटीहून जास्त फुगते, आणि मूळचा पाईप एवढ्यासाठीच बनवलेला आहे. पाईप मोठा करून या इंजिनाला हाताला जाणवेल असं काही मिळत नाही, उलट जाड पाईप खाली जास्त जागा खातो आणि आवाज वाढतो. मूळच्याच मापाचा पाईप घेतला.

धातूवर मात्र मी हट्ट धरला. साधं लोखंड नको, एसएस ३०४, म्हणजे ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील. इथे जरा सांभाळा, बाजारात स्टील म्हणून २०२ पण देतात, ते ग्रिल आणि रेलिंगचं, निकेल कमी असतं आणि पावसात त्याला गंज धरतो. लोहचुंबक लावून ३०४ आणि २०२ मधला फरक कळत नाही, दोन्हीला चिकटत नाही, म्हणून पाईपवरचा छाप बघा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. कंपन्यांच्या एक्झॉस्टमध्ये बहुतेक ४०९ असतं, त्याला चुंबक चिकटतं, ते वाईट नाही, फक्त आम्हाला सुटं मिळालं नाही. आणि कोणी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप वापरू म्हणालं तर तिथून उठा, जस्ताचा धूर वेल्डिंग करणाऱ्याच्या छातीत जातो आणि रात्री ताप भरतो.

मिस्त्रींचं काम बघण्यासारखं होतं. पाईपला हात लावायच्या आधी त्यांनी सहा एमएमची सळई घेतली आणि मॅनिफोल्डच्या फ्लँजपासून (बोल्टने जोडायच्या चकतीपासून) शेपटीपर्यंत ती हाताने वाकवत नेली, गिअरबॉक्सच्या कडेने, चासीच्या आतून, मागच्या ॲक्सलच्या वरून. मग जॅकने एक मागचं चाक उचललं, पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) दाबला गेला तेव्हा ॲक्सल कुठपर्यंत येतो बघितलं आणि तिथे सळई आणखी बोटभर वर वाकवली. ही सळई म्हणजेच नकाशा. रेडिमेडवाला हे कधीच करणार नाही कारण त्याला तुमच्या गाडीचे पाटे किती बसलेत ते माहीत नसतं. मग पाईप त्या सळईप्रमाणे वाकवला, आत वाळू ठासून, म्हणजे वळणावर चपटा होत नाही. जागेवर धरून नुसते टाके मारले (त्याआधी बॅटरीची तार काढली आणि डिझेलच्या नळीवर ओलं पोतं टाकलं), परत उतरवला आणि मग आर्गन वायूवर टिग वेल्डिंग, पाईपच्या आतही आर्गन सोडून. आतून आर्गन नसेल तर वेल्डच्या पाठीला काळी खरखरीत साखर धरते आणि पुढे तिथूनच चीर जाते. स्टील आणि जुन्या लोखंडी फ्लँजचा जोड होता तिथे ३०९ ची वेल्डिंगची तार वापरली, बाकी ३०८.

मफलर आत खोल्या असलेला केला, ग्लासवूलवाला नाही. वूलवाला हलका आणि सोपा असतो पण डिझेलची काजळी आणि पाणी त्यात मुरतं आणि वर्षा-दोन वर्षात ते वूल भिजलेल्या गादीसारखं होतं. मफलरच्या सगळ्यात खालच्या टोकाला तीन एमएमचं भोक पाडलं, पाणी निथळायला. पाईपवर कापडी पट्टी गुंडाळू नका असंही त्यांनी बजावलं, आमच्या पावसात ती ओलीच राहते. त्याऐवजी मफलरखाली बोटभर अंतर सोडून पत्रा लावला आणि पुढच्या बाजूला तिरकी पट्टी, म्हणजे दगड लागला तर घसरून जाईल आणि गवत अडकायला कोपरा मिळणार नाही. माझ्यासाठी अख्ख्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

एक गोष्ट मला तिथेच पहिल्यांदा कळली. स्टील ३०४ तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त वाढतं. अडीच मीटरचा पाईप ३०० डिग्रीने तापला तर जवळपास १३ एमएम लांब होतो, लोखंडी असता तर ९. म्हणून तो चासीला घट्ट बांधायचा नाही, पुढे फ्लँजला पक्का आणि मागे सगळीकडे रबराच्या हँगरवर लटकता. तीन तुकडे केले, मध्ये फ्लँज, सगळे बोल्ट एकाच मापाचे आणि नट पितळी, गंजून धरत नाहीत. जंगलात एका पान्यावर सगळं उतरवता यायला पाहिजे.

सगळे मिळून साडेनऊ हजार गेले, दीड दिवस लागला. अण्णा रक्कम ऐकून गप्प राहिले, पण घाट उतरताना बाजूला बसून शेजारच्या माणसाशी न ओरडता बोलता येतंय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते पार आंब्यापासून खालपर्यंत जीप घेतली तेव्हाच्या गोष्टी सांगत होते.

आवाजावरून आठवलं, बरेच जण मफलर काढून नुसता पाईप ठेवतात. जंगलात रानडुक्कर, गवा दूर राहतो वगैरे कारणं सांगतात. मला ते पटत नाही, वाडीत तान्ही मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. आणि कायद्याने सायलेन्सर लागतोच, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्या वेळी दहा हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही तीन महिने जातं. शिवाय पंधरा वर्षांवरची गाडी, दर पाच वर्षांनी पासिंगला उभी करायची असते. पीयूसीला धुराची मर्यादा असल्या जुन्या डिझेलला ६५ एचएसयू (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आहे, आमची बसली त्यात.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना फ्लँजचे नट परत आवळले, अर्धा आटा तरी गेला प्रत्येकी. जुलैमध्ये पऱ्याला गुडघाभर पाणी होतं तेव्हा शेपटी बुडली, पण इंजिन चालू असलं की धुराच्या दाबाने पाणी आत येत नाही, फक्त मध्येच बंद पडू द्यायची नाही आणि बंद पडलीच तर तिथेच सेल्फ मारत बसायचं नाही, दोरीने ओढून बाहेर काढायची. आता गवत परत वाळायला लागलंय. बागेत पोचलो की आधी खाली वाकून मफलर आणि पत्र्याच्या मधली फट हाताने साफ करतो, जाड हातमोजा त्यासाठी सीटखालीच ठेवलाय, आणि पाच लिटरच्या कॅनच्या जागी आता वीसचा असतो. परवा निथळायच्या भोकात काजळी बसली होती, सायकलच्या तारेने मोकळी केली, चमचाभर काळं पाणी आलं.