तुम्ही विचारलंत म्हणून: इंत्रुजातला तो बाप

फोंड्याकडच्या जत्रांतून मराठी संगीत नाटके करणारा माणूस दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत इंत्रुजाच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, खेळात (अंगणात होणाऱ्या कोकणी नाट्यात) ऐन वेळी का उभा राहिला, आणि तिथे भर प्रयोगात गप्प का झाला, हे मला इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारले आहे की आता एकदाच नीट लिहितो. काहींच्या मते मी मराठीशी प्रतारणा केली, तर काहींच्या मते जायबंदी नटाची भूमिका बळकावली. दोन्ही बोल मला लागले आहेत.

पहिल्या आरोपावर फार बोलायचे नाही. तियात्राचा, म्हणजे कोकणी संगीत नाटकाचा, पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला, मराठी नाटक जिथे बहरले त्याच शहरात. मी घरी कोकणी बोलतो आणि रंगमंचावर मराठी; गोव्यात असे नट गावोगाव आहेत आणि त्यांना यात काही विसंगत वाटत नाही.

दुसऱ्या आरोपाचे उत्तर अधिक अवघड आहे. पणजीतले चित्ररथ आणि कार्निव्हलचा राजा किंग मोमो पाहून कार्निव्हल कळला असे मानणाऱ्यांना अंगणातल्या खेळाची निकड समजत नाही. राखेच्या बुधवारी ख्रिस्ती उपासकाळ सुरू होतो, म्हणून जे काही करायचे ते त्याआधीच्या मोजक्या दिवसांत. पथक बँड घेऊन वाड्यावाड्यावर फिरते, एक प्रयोग संपला की पुढच्या अंगणात दुसरा. प्रयोग पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाही. बापाची भूमिका करणारा नट स्कूटरवरून पडून त्याचा पाय मोडला, तेव्हा दिग्दर्शकाने आदल्या रात्री मला बोलावले. संहिता रोमी, म्हणजे रोमन, लिपीत होती. तो वाचत गेला आणि मी देवनागरीत उतरवून घेत गेलो. मी गेलो नसतो तर पथकाची वर्षभराची तयारी वाया गेली असती, हे खरे. पण मला ती भूमिका हवीही होती, हेही तितकेच खरे.

पहिले प्रयोग चांगले गेले. शेवटच्या दिवशी आम्ही त्या नटाच्याच वाड्यावर पोहोचलो. प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून तो बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीवर, बसला होता, आणि माझे प्रत्येक वाक्य त्याच्या ओठांवर माझ्या आधी येत होते. जत्रेतल्या नाटकाला निदान विंगेचा आडोसा असतो, तिथे प्रॉम्प्टर असतो. अंगणात लोक जवळजवळ अंगाला भिडून बसलेले असतात आणि लपायला जागा नसते. गल्फमधून आलेला मुलगा घर विकायचे म्हणतो, त्यावर बाप म्हणतो, ‘घर तुजें, पूण दार म्हजें.’ मी हे वाक्य आमच्या पद्धतीने, श्वास भरून, शेवटच्या माणसापर्यंत पोहोचेल असे फेकले. आणि त्याच क्षणी तो बाल्कांवातून बसल्या जागीच, जवळजवळ स्वतःशी पुटपुटावे तसे, तेच वाक्य बोलला. सगळे अंगण त्याच्याकडे वळले. मुलाची भूमिका करणारा तरुणही वळला, आणि त्याने पुढचे वाक्य मला नव्हे, त्याला म्हटले. त्याने उत्तर दिले. उरलेला सारा प्रवेश त्या दोघांत झाला. मी बापाचा कोट घालून मध्ये उभा होतो.

मी वाक्ये विसरलो असे जे सांगतात त्यांना मी ठामपणे सांगतो की मला शब्दन् शब्द पाठ होता. मी थांबलो, कारण तिथे बोलणे म्हणजे त्याच्या घरासमोर त्याच्याशी चढाओढ करणे झाले असते. निदान इतकी वर्षे मी हेच कारण देत आलो आहे. परंतु त्याचे ते हलके उच्चारलेले वाक्य ऐकताना ते कसे म्हणायला हवे होते हे मला उमगले होते, आणि मग माझ्या तोंडून काही फुटणे शक्यच नव्हते, अशीही शंका मला येते. त्याने माझा अपमान केला असे पथकातले काही जण मानतात. मला तसे वाटत नाही, आणि तरीही त्या रात्री मी त्याला न भेटता निघून आलो.

तालीम झाली की नट कुठेही उभा राहू शकतो, असे मी तरुणपणी शिबिरांतून मुलांना सांगत असे. त्या मताशी मी आजही भांडतो. एका रात्रीत पाठ केलेल्या भूमिकेने इतर वाड्यांवर माणसे रडली होती, मग ते मत खोटे कसे ठरवायचे? आणि त्या अंगणात जे घडले त्यानंतर ते खरे तरी कसे मानायचे?

पुढल्या इंत्रुजात त्याने ती भूमिका पुन्हा स्वतः केली. मी पाहायला गेलो नाही. अलीकडे दुसऱ्या एका पथकाने ऐन वेळचेच बोलावणे पाठवले आहे. मी होकार दिला आहे, फक्त ज्याच्या जागी उभा राहणार आहे त्याला आधी भेटू द्या, अशी अट घातली आहे. दिग्दर्शक म्हणतो, तेवढा वेळ नाही.