तुम्ही विचारलेत म्हणून : अकरा वाजताची भूक

"मॅडम, नाश्ता करूनही अकराच्या सुमारास हातपाय गळून जातात, सकाळी नेमके खायचे तरी काय?" हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. विचारणाऱ्यांत आपल्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या दुकानांत दिवसभर उभे राहणारे असतात, शिरोलीच्या फाउंड्रीत पहिल्या पाळीला जाणारे असतात आणि बारावीच्या मुलांचे आईवडील तर असतातच. मी आहारतज्ज्ञ असल्यामुळे माझ्याकडून एखाद्या पावडरीचे नाव ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असते. मी मात्र त्यांनाच उलट विचारते की आज सकाळी पोटात काय गेले. उत्तर बहुधा ठरलेले असते: चहा आणि खारी, चहा आणि टोस्ट, फारच घाई असेल तर चहा आणि चार बिस्किटे.

याला खाणे म्हणता येईल, न्याहारी म्हणता येणार नाही. मैदा आणि साखर यांचे पचन इतके लवकर होते की रक्तातली साखर झपाट्याने चढते, तिला आवरण्यासाठी इन्सुलिनही भरपूर स्रवते आणि दोन-अडीच तासांत ती साखर उतरते, ती अनेकदा गरजेपेक्षा जरा जास्तच. मेंदूला दिवसाकाठी सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते, त्यामुळे ही उतरण त्याला लगेच कळते आणि आपण त्याला अशक्तपणा म्हणतो. कोणता पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने वाढवतो हे मोजणारा ग्लायसेमिक इंडेक्स टोरोंटो विद्यापीठातील डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडला, तेव्हा सर्वांत संथ ठरलेल्या पदार्थांत कडधान्ये होती. पुढच्याच वर्षी त्यांनी असेही दाखवले की सकाळी मसूर खाल्ली तर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे: न्याहारीचा पदार्थ बदलण्याची फारशी गरज नसते, त्यात कडधान्य, डाळ, अंडे किंवा दही नजरेत भरेल एवढे असावे लागते.

पोह्यांचेच पाहा. एका बशीत साधारण 60 ग्रॅम कोरडे पोहे असतात आणि त्यांतून प्रथिने मिळतात जेमतेम चार ग्रॅम. त्यात मूठभर शेंगदाणे आणि वाटीभर मोड आलेली मटकी घातली की तोच आकडा पंधराच्या आसपास जातो, चवही बिघडत नाही. वर लिंबू पिळावे, कारण पोह्यांतले आणि मटकीतले लोह शरीरात शोषले जायला त्याची मदत होते.

मग मिसळ चालेल का, असा पुढचा प्रश्न येतो आणि तो विचारताना माणसाचा चेहरा अपराधी झालेला असतो. मिसळीचा पाया मटकीची उसळ आहे, म्हणजे मुळात आपल्या गावाने न्याहारीची निवड उत्तम केलेली आहे. घोटाळा होतो तो मूठमूठ फरसाणात, पुन्हा पुन्हा मागवलेल्या कटात आणि त्यासोबत संपणाऱ्या पाच-सहा ब्रेडच्या स्लाइसमध्ये. उसळ बिचारी तळाशी दोन चमचे उरते. घरी करताना हे प्रमाण उलटे करावे, म्हणजे उसळ वाटीभर, फरसाण चिमूटभर, कट चवीपुरता आणि ब्रेड एक किंवा त्याऐवजी ज्वारीची भाकरी. रविवारी बाहेर खाल्लेल्या मिसळीचा हिशेब मी कोणाकडे मागत नाही.

भाकरीवरून आठवले. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या डोंगराकडच्या तालुक्यांत नाचणी पिकते आणि तिथली जुनी माणसे सकाळी शिळी भाकरी ताकाबरोबर किंवा दुधात कुस्करून खात. शिजून गार झालेल्या पिठातल्या स्टार्चचा काही भाग सावकाश पचतो, नाचणीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि ताक-दुधातून प्रथिने येतात. शहरात आल्यावर लाजेखातर सोडलेली ही न्याहारी आता महागड्या डब्यातल्या कॉर्नफ्लेक्सपेक्षा कितीतरी सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन गोष्टी मात्र कोल्हापुरात सांगताना जपून बोलावे लागते. पहिली, पैलवानाच्या खुराकाची. शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान 1912 साली तयार झाले, तेव्हापासून तालमीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या या गावात बदामाची थंडाई, तूप आणि शेरभर म्हशीचे दूध म्हणजेच ताकद, असे घरोघरी मानले जाते. परंतु तो खुराक पहाटे शेकड्यांनी जोर-बैठका काढणाऱ्या देहासाठी आहे, दुचाकीवरून बँकेत जाऊन खुर्चीत बसणाऱ्यासाठी नव्हे. त्याला एक पेला दूध पुरे, आणि तेही उकळलेले, कारण कट्ट्यावर म्हशी समोरच पिळून दिल्या जाणाऱ्या धारोष्ण दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. दुसरी गोष्ट गुळाची. आपला गूळ चवीला कितीही श्रेष्ठ असला तरी रक्तातली साखर तो जवळजवळ साखरेइतकीच वाढवतो, त्यामुळे "मी चहात गूळच घालतो" हे सांगून मधुमेही माणसाने स्वतःची सुटका करून घेऊ नये. चहा सोडा, असे मी कोणालाच सांगत नाही. तो न्याहारीनंतर तासाभराने घ्या एवढेच सांगते, कारण जेवणाखाणाबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण कमी करतो.

चांगली न्याहारी करूनही थकवा राहिला तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्यावी, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय न्याहारीत मोठा बदल करू नये.

"सकाळी वेळच नसतो" ही तक्रार खरी आहे, पण कडधान्याची न्याहारी सकाळी ठरवून होतही नाही. सोमवारी उसळ हवी असेल तर मटकी शनिवारी रात्री भिजत घालावी लागते, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी लागते, तेव्हा कुठे सोमवारी पहाटे तिला बोटाच्या पेराएवढे मोड आलेले असतात आणि ती फोडणीला टाकायला पंधरा मिनिटे पुरतात.